मदत हवी आहे : निवेदनातील बाजार शुल्काचा मुद्दा कसा मांडावा?

सप्रेम नमस्कार. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी आमदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही खानदेशातील काही डाळमिलवाले तयार करत आहोत. वीजदराची मागणी त्यात आहेच. पण वीजदर विधिमंडळ नव्हे, वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून माझ्या मते मुख्य भर १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमातील बाजार शुल्कावर, म्हणजे शेतमालाच्या खरेदी-विक्रीवर बाजार समिती घेते त्या शुल्कावर हवा. गेल्या महिन्यात कर्नाटकातून तुरीचा ट्रक आला, तिकडे शुल्क भरल्याची पावती चालकाच्या हातात होती, तरीही इकडे पुन्हा भरावे लागले. हा भार शेवटी डाळीच्या भावातच उतरतो. दुरुस्ती मूळ कलमात मागावी की नियमांत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. अशा दुहेरी पावत्या धुळे-नंदुरबारकडील कोणाजवळ असतील, तर त्यांचाही मोठा आधार होईल.