पोरीला चायनीज शिकवायचंय, इंटरनॅशनल स्कूल निवडताना काय बघू?

चिऊची आई, जुळे सोलापूर
नमस्कार, मुलगी यंदा पाचवीत जाईल. आमचा टॉवेलचा कारखाना आहे, मिस्टर मशिनी बघायला दोनदा ग्वांगझोच्या कँटन फेअरला जाऊन आले आणि तेव्हापासून एकच धोशा, पोरगी चायनीज शिकलीच पाहिजे. पुण्यात हॉस्टेलवाल्या दोन शाळा बघितल्या, दोन्हीकडे मँडरिन आहे म्हणतात, फी ऐकून घाम फुटला. नेमकं काय विचारायचं तेच कळेना, सांगा की कुणीतरी.

पूर्वभागकर
ताई, पुतण्या तीन वर्षं अशाच एका शाळेत होता. आठवड्याला एक तास, त्यात टीचर सारखे बदलायचे, तीन वर्षांनी पोराला येतं काय तर नी हाओ, शिए शिए आणि दहापर्यंत आकडे. वही उघडली तर सगळं पिनयिन म्हणजे इंग्रजी अक्षरात, हाताने काढलेलं चिनी अक्षर एक नाही, वहिनीच्या डोळ्यात पाणीच आलं. ब्रोशर ठेवा बाजूला, सातवी-आठवीतल्या पोराची वही मागा. चौकटीत एकेक अक्षर ओळभर गिरवलेलं दिसलं तर समजा शिकवतायत.

मँडरिनवाली
वहीचं अगदी बरोबर, पण एक तास वर्गात बसूनही बघा. चायनीजमध्ये चार स्वर, म्हणजे आवाजाचे चढउतार असतात, ‘मा’ सपाट उंच म्हटलं तर आई, खाली नेऊन वर उचललं तर घोडा, झटक्यात खाली टाकलं तर शिव्या देणं. टीचर तिथल्या तिथे स्वर सुधारतात का ते ऐका, ही सवय लहानपणी लागली तर लागली. आणि शाळेत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) असेल तर अकरावी-बारावीला लँग्वेज बी, म्हणजे भाषा आधी शिकलेल्यांचा कोर्स, देतात का विचारा, कारण अॅब इनिशिओ हा नवशिक्यांचा कोर्स आहे, पाचवीपासून शिकलेल्या पोरीला त्यात बसवलं तर सहा वर्षं वाया. मधे वायसीटी (शाळकरी मुलांची), एचएसके (सगळ्यांसाठीची) या चायनीजच्या परीक्षा देऊन घेतात का तेही विचारा.

भैया चौक
आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, भाषा तिथे जाऊन शिकले आणि तिथल्या पोरांना डॉक्टरकी शिकवली. म्हणून म्हणतो, फक्त चायनीजसाठी दहा वर्षांच्या लेकराला हॉस्टेलला टाकू नका. घरी ऑनलाइन क्लास लावा, वर्षभर टिकली तर शाळेचं बघा. आधी तिला कोटणीसांच्या स्मारकात घेऊन जा एकदा.

चिऊची आई, जुळे सोलापूर
काका, हॉस्टेलचं माझ्याही पोटात गोळा येतोच. दोन्ही शाळांना वही मागते, आणि रविवारी स्मारकात जातो तिघं.