मदत हवी आहे: १० बाय ११च्या खोलीसाठी स्पीकर आणि अँप्लिफायर

नमस्कार मंडळी,

कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहते. लेक नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून तिची खोली गाणं ऐकायला मला मिळाली आहे. (म्हणजे मी बळकावली आहे. इस्त्रीचे कपडे अजून तिथेच येऊन पडतात.) लांबी ११ फूट, रुंदी १०, उंची साडेनऊ. खाली गुळगुळीत फरशी, रुंदीच्या एका भिंतीला सरकती खिडकी, कोपऱ्यात लोखंडी कपाट. कपाट हलणार नाही, त्यात सासूबाईंच्या पैठण्या आहेत.

ऐकते ते मुख्यतः ख्याल. बाबा रमणबागेतल्या सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजीवर रात्री काढणारे. त्यांच्या शंभरेक एलपी आणि घरगुती मैफलींच्या कॅसेट माझ्याकडे आल्या आहेत. टर्नटेबल दुरुस्त करून घेतला, कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची आहे. मोठ्यानं ऐकत नाही. खालचे काका साडेनऊला झोपतात. तानपुरा गवयाच्या मागे वेगळा ऐकू यावा आणि डग्गा घुमला तरी बोल पुसले जाऊ नयेत, एवढंच मागणं आहे.

गेल्या महिन्यात एका दुकानातल्या जोडीवर भाळले. साडेसहा इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा पडदा), पोर्ट (खोक्यातली हवा बाहेर यायचं भोक) मागच्या बाजूला. दुकानाच्या हॉलमध्ये काय सुंदर वाजत होते! दोन दिवस घरी नेऊन बघा म्हणाले, आणले. खिडकीखालच्या टेबलावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवले. डग्ग्याची प्रत्येक घीस जिन्यापर्यंत पोचत होती, कपाटाचं दार थरथरत होतं. आणि खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली तर तोच डग्गा गायब! परत केले. दुकानदारांचं निदान: ‘मॅडम, वायर चांगली घ्या.’ आणि आठ हजारांची वायर पुढे केली.

मग कागद-पेन घेऊन बसले. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ११ फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत सुमारे ५१ हर्ट्झला उभी लाट (भिंतींमध्ये अडकून जागच्या जागी घुमणारा आवाज) तयार होते, १० फुटांत ५६ला आणि जमीन-छतामध्ये ५९ला. तिन्ही आकडे एकमेकांना चिकटलेले! खोलीची लांबी, रुंदी, उंची जवळजवळ सारखी असल्याची ही शिक्षा. अशी लाट भिंतीपाशी जोरात आणि मध्यावर क्षीण असते, म्हणजे माझी खुर्ची नेमकी खड्ड्यात होती.

बजेट दोन्ही मिळून ६० हजार, फार तर थोडं वर. यादीत आहेत ते असे: एलॅक डेब्यू बी ५.२, कारण पोर्ट पुढे आहे; किंवा क्यू अकूस्टिक्स ३०२०आय, याचा पोर्ट मागे असला तरी तो बंद करायला फोमचे बोळे सोबत येतात. अँपमध्ये यामाहा ए-एस३०१ (६० वॅट) की डेनॉन पीएमए-६००एनई (४५ वॅट)? दोन्हींना एमएम फोनो इनपुट (टर्नटेबल थेट जोडायची जागा) आहे, त्यामुळे वेगळा डबा नको. एलॅकची सेन्सिटिव्हिटी (साधारण एका वॅटला एक मीटरवर येणारा आवाज) ८६ डेसिबल लिहिली आहे. ४५ वॅट पुरतील का? सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर) घ्या असं कृपया कोणी सुचवू नका.

प्रतिसाद १
ताई, वॅटची चिंता सोडा. एक मीटरवर ८६ असेल तर दीड मीटरवर ८२-८३ उरतात. दहापट वॅट दिले की दहा डेसिबल वाढतात, म्हणजे दहा वॅटलाच एका स्पीकरचे ९२-९३ झाले. तेवढ्यात काका वर येतील. दोन्ही अँपपैकी ज्याची सर्व्हिस पुण्यात नीट मिळते तो घ्या, विषय संपला.

पैसे स्टँडवर घाला. टेबलावरून उतरवा, खिडकीच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा, दोन्हींमध्ये पाच फूट ठेवा. खुर्ची मागच्या भिंतीपासून चार-सव्वाचार फुटांवर, मध्याच्या जरा मागे. मग इंच-इंच सरकवत बघा. फरशीवर सतरंजी हवीच. टाळी वाजवल्यावर झणझणतं ते जाईल. पण ५० हर्ट्झला सतरंजी, गोधडी काही करत नाही, तिथे जागा बदलणं हाच स्वस्त उपाय. कपाटाच्या दाराला आतून फेल्टच्या पट्ट्या लावा.

प्रतिसाद २
अँप बिल्ट-इन असलेले स्पीकर घेऊन मोकळ्या व्हा की.

धागाकर्ती
प्रतिसाद २, टर्नटेबल आणि कॅसेट डेक दोन्ही जोडायचे आहेत, आणि एक बिघडलं की सगळंच दुकानात न्यायचं मला नको.

प्रतिसाद १, मनापासून आभार. भावाचे जुने स्पीकर आणून दोन स्टुलांवर ठेवले आणि खुर्ची मागे सरकवली. डग्गा परत आला! कपाट मात्र अजून कुरकुरतंय, फेल्ट आणते. शनिवारी बाबांची एक एलपी घेऊन दोन्ही जोड्या ऐकायला जाईन. एलॅककडे कल आहे, पण जुन्या कॅसेटचा फसफस आवाज कोणत्या जोडीवर कमी टोचतो ते ऐकूनच ठरवेन.

अजून एक. टर्नटेबलची अर्थची बारीक वायर सध्याच्या अँपच्या मागच्या स्क्रूला घट्ट लावली तरी बारीक गुणगुण येतेच. इमारत १९८४ची आहे. तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं की इलेक्ट्रिशियनलाच बोलवू? आणि कॅसेट डेकचे रबरी बेल्ट तापकीर गल्लीत अजून मिळतात का?