आडवाटेचे डोंगर: तुमचे अनुभव लिहा

सुट्टीच्या दिवशी कळसूबाईच्या शिड्यांना रांग लागते. पण त्याच अकोले-जुन्नरच्या टापूत असे डोंगर आहेत, जिथे एखाद्या गुराख्याशिवाय कुणी भेटत नाही. अशा डोंगरावर गेला असाल तर जरूर लिहा. वाट कशी सापडली, पाणी कुठे मिळालं, कुणाची मदत झाली, हे वाचायला आवडेल. सुरुवात मी करते.

घनचक्कर. उंची 1532 मीटर. कळसूबाई आणि साल्हेरनंतर राज्यात याचाच नंबर, तरी नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. शिरपुंज्याहून भैरवगडाच्या खिंडीपर्यंत वाट मळलेली आहे, कारण गडावर भैरवनाथाचं ठाणं आहे. खिंडीतून घनचक्करकडे वळलं की कमरेएवढं गवत, वाट गडप. सोबत गावातले एक मामा होते. ते पायाने चाचपत पुढे जायचे. गवताखाली जमीन टणक लागली की वाट, भुसभुशीत लागली की दोन पावलं बाजूला. माथ्यावरच्या पठारावरून उत्तरेला कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड. इतका वेळ निवांत बसायला मला दुसऱ्या कुठल्या डोंगरावर मिळालेलं नाही.

---

बागलाणातला हरगड. मुल्हेरला सगळे जातात, शेजारच्या याच्याकडे कुणी वळत नाही. माथ्यावर भलीमोठी तोफ पडून आहे. ती वर कशी चढवली असेल, हाच विचार उतरेपर्यंत डोक्यात होता. पाणी भरपूर न्या.

---

ढाकोबा, दुर्गवाडीकडून. बराच वेळ झाडीतून चालायचं आणि मग डोंगर एकदम संपतो. खाली थेट कोकण, उजव्या हाताला जीवधन आणि नाणेघाट. कड्यावर वारा एवढा की आम्ही पोटावर झोपून खाली पाहिलं. घारी आमच्या खाली घिरट्या घालत होत्या!

---

मी ढाकोबाजवळच्या आंबे-हातवीज गावांकडची. आमच्यासाठी या वाटा रोजच्या. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायला याच वाटांनी जातो. आता गुरं कमी झाली, पोरं कामाला शहरात गेली, म्हणून वाटा मोडल्या. खुणेसाठी रंगाचे बाण काढू नका, दगडावर दगड ठेवा, आम्हाला कळतं. निघण्याआधी गावात कुणाच्या तरी घरी सांगून जा. धुकं उतरलं की आम्हीसुद्धा कड्याकडं जात नाही.