शनिवारचं गेट-टुगेदर आणि चॉकलेटचा गोळा

बी-२०४ काकू: कुणी आहे का ग्रुपवर? चॉकलेट वितळवताना एकदम रवाळ गोळा झाला. ४०० ग्रॅमचं पाकीट होतं. ६ वाजता माणसं येणार 😟

ए-३०२ वहिनी: काकू, त्यात पाणी गेलंय. खालचं पाणी खळाखळा उकळत होतं का? वाफेचे दोन थेंब पुरतात, साखर आणि कोको ते ओढून घेतात. फेकू नका. २०० मिली क्रीम गरम करून चमचा चमचा घालत ढवळा. आधी आणखी बिघडल्यासारखं दिसेल, मग मऊ होईल.

सी-१०१: क्लबहाऊसचा फ्रीज चालू आहे का?

बी-२०४ काकू: झालं गं, छान चकाकतंय. आता यात केळी बुडवू?

ए-३०२ वहिनी: नको. हे आता सॉस झालं, फळावर कडक होणार नाही. ग्लासात बिस्किटांचा चुरा, वर सॉस आणि अगदी शेवटी मानकुरादच्या फोडी. आंब्याला रस सुटतो, आधी घातला तर चुऱ्याचा लगदा होईल.

ए-१०३ काका: आंबे काल म्हापशाच्या बाजारातून मीच आणले. पैसे अजून कुणी दिलेले नाहीत. असो.

बी-२०४ काकू: दुसरं पाकीट कंपाउंडचं आहे, ते कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट.

ए-३०२ वहिनी: मग बुडवायला तेच. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर ३०-३० सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळा. दाट वाटलं तर २ चमचे तेल, दूध नाही. केळी दीड सेंटीमीटर जाड कापा, द्राक्षं फडक्याने कोरडी पुसा. ओल्या फळावरून चॉकलेट घसरतं.

डी-४०१: खोबरेल चालेल? 😜

ए-३०२ वहिनी: चालेल, खाण्याचं. केसांचं नको.

सी-१०१: क्लबहाऊसचा फ्रीज चालू आहे का?

बी-३०३ ताई: अननस घालून जेली पण करूया की, जिलेटिन आहे माझ्याकडे.

ए-१०३ काका: जिलेटिन शाकाहारी नसतं. मागच्या वेळीही सांगितलं होतं.

बी-३०३ ताई: काका, मी फक्त विचारलं 🙏

ए-३०२ वहिनी: तसाही कच्च्या अननसात जिलेटिन गोठत नाही. करायचीच तर चायना ग्रासची. आज वेळ नाही.

डी-४०१: बुडवलेली केळी फ्रीजरमध्ये टाकली की पटकन होतील.

ए-३०२ वहिनी: आणि या मे महिन्यात बाहेर काढल्याबरोबर घाम फुटेल. साध्या फ्रीजमध्ये २० मिनिटं, बटर पेपरवर. वाढायच्या वेळीच काढा.

सी-१०१: तिसऱ्यांदा विचारतोय. फ्रीज?

सेक्रेटरी: बंद आहे. लाईट बिलावर मीटिंगमध्ये कोण बोललं होतं, ते सर्वांना माहीत आहे.

सी-१०१: बिलावर बोललो होतो, फ्रीजवर नाही.

बी-२०४ काकू: भांडू नका रे. माझ्या फ्रीजमध्ये बांगडे आहेत, चॉकलेटला वास लागेल.

ए-३०२ वहिनी: लागेलच, चॉकलेट वास लगेच ओढतं. ट्रे माझ्याकडे आणा, वरचा कप्पा रिकामा केलाय. बटर पेपर तुमचा आणा, माझा संपलाय.

ए-१०३ काका: आंब्याचे पैसे ट्रेसोबत पाठवले तरी चालतील.