क्लायंटचा फीडबॅक व्हॉइस नोटवर घ्यावा का? माझं मत: नाही

शाईपेन (धागाकर्ता)
आम्ही छोट्या व्यावसायिकांचं सोशल मीडिया सांभाळतो. सराफ, साडीवाले, दवाखाने, एक बिल्डर. महिन्याचं कॅलेंडर ठरवायचं, पोस्ट आणि रील बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीला पाठवायच्या. मग उत्तर येतं ते व्हॉइस नोटवर. मागे दुकानातली गर्दी, मध्येच "अरे त्यांना चहा सांग", आणि मुद्दा काय तर, "ते जरा मोठं करा, आणि तो रंग उठत नाहीये." ते म्हणजे कुठलं? सात स्लाइडचं कॅरोसेल पाठवलंय साहेब.

माझं म्हणणं: पोस्टवरचा फीडबॅक लेखीच मागावा. नोट आली तर "कृपया लिहून पाठवा" म्हणावं आणि तोवर फाइल उघडू नये.

मुख्य त्रास शोधण्याचा. गेल्या दसऱ्याला मालक घडणावळीच्या सवलतीबद्दल काय म्हणाले होते, हे मजकुरात असतं तर 'घडणावळ' टाकून लगेच सापडलं असतं. आवाजात शोधायचं तर सगळ्या नोट्स पुन्हा ऐका. दुसरं, नोट येते एकाला आणि काम करतात तिघं. चार मिनिटांची नोट डिझायनरने ऐकायची, एडिटरने ऐकायची, कॅप्शन लिहिणारीनेही ऐकायची. २०२१ पासून दीडपट-दुप्पट वेगाने ऐकायची सोय आहे, पण मालक मुळातच दुप्पट वेगाने बोलतात.

आणि आकडे! आमची डिझायनर मुलं इंग्रजी माध्यमातली. "एकोणसत्तर" ऐकलं की ७९ टाइप होतं. साडीच्या सेलच्या पोस्टवर असं झालं की भरपाई कोणी करायची?

सांगलीची_सई
साफ असहमत.

तुम्ही व्हॉइस नोटची तुलना कशाशी करताय? कुठल्यातरी आदर्श क्लायंटच्या मुद्देसूद ईमेलशी. तो क्लायंट मला अजून भेटायचाय. माझ्याकडे लेखी फीडबॅक म्हणजे अंगठ्याचं चित्र. फार तर "ओके, चालेल". मग पोस्ट पडली की संध्याकाळी फोन, "अगं, मला ते तेव्हाच पटलं नव्हतं."

माझं काम बहुतेक घरगुती उद्योगवाल्या बायकांचं. भाजणी, मसाले, पापड. हात पिठात असतात, मराठी टाइप करायचा कंटाळा असतो, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं त्यांचं मराठी मलाच वाचता येत नाही. पण बोलायला लागल्या की सगळं सांगतात. "छान आहे" हे लिहून आलं तर मी काय समजू? तेच त्या थांबून, खालच्या आवाजात "हं... छान आहे" म्हणाल्या की मला कळतं, ही पोस्ट गेली.

अजून एक. एका काकूंनी नोटमध्ये माझ्या कॅप्शनवर तक्रार केली: "हे 'पारंपरिक चव' काय लिहिलंयस? भाजणी भाजताना शेजारीण विचारायला आली पाहिजे, तेव्हा ती झाली." मी माझं कॅप्शन खोडून तेच वाक्य टाकलं. लिहून पाठवायला सांगितलं असतं तर त्यांनी "कॅप्शन बदल" एवढंच लिहिलं असतं.

तांत्रिक_तात्या
दोघांनाही चालेल असा उपाय आहे. क्लायंटला चॅटमधला माइक न दाबता कीबोर्डवरचा माइक दाबायला शिकवा. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करायची सोय २०१७ पासून आहे. ते बोलतील, तुम्हाला मजकूर मिळेल.

वऱ्हाडी_ठेचा
तात्या, आमच्या इकडच्या क्लायंटवर हा प्रयोग करून पहा एकदा. ते बोलतात वऱ्हाडी, मध्ये मध्ये हिंदी, त्यात 'पोस्टर', 'लोगो', 'बॅकग्राउंड'. जे उमटतं त्याला पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, आणि पाठवण्याआधी ते वाचत नाहीत. नोटेत निदान माणूस काय बोलला ते तरी खरं असतं.

धागाकर्त्यांशी अर्धा सहमत आहे. "ते मोठं करा"चा घोळ मात्र आवाजाचा नाही. लिहूनही लोक "ते मोठं करा" असंच लिहितात. मी सांगतो, स्क्रीनशॉट काढा, त्यावर बोटाने लाल गोल करा आणि मग हवं तेवढं बोला. साठीचे दुकानदार हे करतात, तुमचे सराफही करतील.

निःशब्द
मी डिझायनर आहे आणि मला कमी ऐकू येतं. यंत्र लावून समोरच्याचं बोलणं कळतं, पण रस्त्यावर उभं राहून रेकॉर्ड केलेली नोट जवळजवळ नाहीच कळत. टीममधलं कोणीतरी मला ती लिहून देतं. लिहिताना तो माणूस स्वतःला महत्त्वाचं वाटतं तेवढंच लिहितो. सईताई, तो "हं..." माझ्यापर्यंत पोचतच नाही. क्लायंटच्या सोयीबद्दल सगळे बोलताय, म्हणून लिहिलं.

सांगलीची_सई
@निःशब्द, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, कारण मी एकटीच काम करते. टीम असेल तर नोट उतरवून देणं हे कोणाचं तरी ठरलेलं काम हवं, आणि त्यात तो "हं..."सुद्धा लिहायला हवा. पण म्हणून क्लायंटला बोलू नका म्हणणं मला पटत नाही.

काळा_कोट
कायद्याच्या बाजूने थोडं. वर कोणी म्हटलं नाही, पण "लेखी असेल तरच पुरावा" हा समज अशा चर्चेत हमखास असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून दाखल करता येते, सोबत ठरलेलं प्रमाणपत्र लागतं. ऑडिओही त्यात येतो. नोटेत तर बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाज असतो. मात्र पाठवणाऱ्याला सुमारे अडीच दिवसांपर्यंत ती सगळ्यांकडून पुसता येते. महत्त्वाची नोट आली की उतरवून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
वकीलसाहेब, आठ हजारांच्या बिलासाठी कोर्टात कोण जातंय? आम्ही पुढच्या महिन्याचं काम जाऊ नये म्हणून गप्प बसतो.

शाईपेन
पुरावा हा माझा मुद्दाच नाही. लिहायला बसलं की माणूस विचार करतो, हा माझा मुद्दा आहे.

उदाहरण देतो. १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराच्या नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही लागतो, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. आमच्या बिल्डरसाहेबांची नोट आली, "तो खालचा काळा चौकोन काढून टाका, इमारतीचा फोटो झाकतोय." मी म्हटलं, एवढं एक वाक्य लिहून द्या, लगेच काढतो. नाही आलं लिहून. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच ऑफिसातून निरोप, चौकोन राहू द्या. बोलताना जे सहज सुटतं ते लिहिताना अडतं, आणि अडलंच पाहिजे.

सांगलीची_सई
पण हे तुमच्या बिल्डरचं झालं. त्याच्याकडे ऑफिस आहे, विचारायला माणसं आहेत. माझ्या काकूंना लिहायला लावलं की त्यांचं खरं मत अडतं. त्या घाबरून "तुला योग्य वाटेल ते कर" लिहितात.

किंमत, तारीख, पत्ता, फोन नंबर मी लिहूनच घेते, त्यात वाद नाही. ७९चा घोळ मलाही नकोय. बाकी सूर कसा हवा, फोटो आवडला का, शब्द आपले वाटतात का, हे बोलूनच घेणार. नोट ऐकून मी चार ओळी लिहून पाठवते, "काकू, मला हे असं कळलं, बरोबर का?" त्या हो म्हणाल्या की मगच फाइल उघडते.

शाईपेन
म्हणजे शेवटी लेखी झालंच की! फक्त लिहिणाऱ्या तुम्ही. मग त्या चार ओळींचे पैसे कोण देतं? महिन्याला वीस पोस्ट, प्रत्येकीला दोन फेऱ्या. हे ऐकण्या-लिहिण्याचं काम तुमच्या कोटेशनमध्ये आहे का?

सांगलीची_सई
वेगळं नाही, महिन्याच्या रकमेतच धरलंय. क्लायंट समजून घेण्याचेच तर पैसे घेतो आपण. कॅनव्हावर पोस्टर त्यांची भाचीही करते.

निःशब्द
टीम असलेल्यांनी तरी ती ओळ कोटेशनमध्ये वेगळी दाखवावी. नाहीतर ते काम ऑफिसात सगळ्यात नव्या मुलीच्या गळ्यात पडतं आणि तिच्या कामात कुठेच मोजलं जात नाही.

शाईपेन
याला मात्र +१. पुढच्या कोटेशनमध्ये टाकतो. 'व्हॉइस नोट उतरवणे' असं लिहून पुढे रक्कम. ती ओळ वाचून किती क्लायंट टाइप करायला लागतात ते इथेच सांगेन.

वऱ्हाडी_ठेचा
ती ओळ कमी करा म्हणून व्हॉइस नोट येईल बघा.