लाभार्थ्याला विचारलं की झालं मूल्यमापन?

तिरकस (धागाकर्ता)

रानवारा यांचं कालचं वाक्य आधी जसंच्या तसं: "योजनेने भलं झालं का, हे त्या माणसालाच विचारा. आधी किती कमवायचा, आता किती कमावतो ते बघा. कंट्रोल ग्रुप, लॉटरी, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा ही सगळी संशोधकांची पोटापाण्याची सोय." (कंट्रोल ग्रुप म्हणजे योजना न मिळालेला, तुलनेसाठीचा गट; लॉटरी म्हणजे योजना कोणाला द्यायची ते चिठ्ठी काढून ठरवणं.) यावर टाळ्याही भरपूर पडल्या. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

विचारलं की कळतं म्हणता? मग केंब्रिज-सॉमरव्हिल घ्या. मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात १९३९ साली सुरू झालेला प्रकल्प. सुमारे ५०० मुलगे, एकसारख्या मुलांच्या जोड्या लावलेल्या, जोडीतल्या कोणाला मदत द्यायची ते नाणं उडवून ठरवलेलं. मदत म्हणजे नुसता उपदेश नाही. समुपदेशक घरी जायचे, शिकवण्या, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं, सगळं काही, आणि तेही सरासरी पाचेक वर्षं. गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनी या सगळ्यांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश म्हणाले, आम्हाला उपयोग झाला. नोंदी मात्र उलटं सांगत होत्या. पुन्हा पुन्हा गुन्हे करणारे, दारूच्या आहारी गेलेले, गंभीर मानसिक आजार असलेले, लवकर वारलेले, सगळे मदत मिळालेल्या गटातच जास्त. ती माणसं खोटं बोलत नव्हती. मदत नसती तर आपण कसे झालो असतो हे त्यांना तरी कुठून कळणार?

आता "आधी आणि नंतर". अर्थतज्ज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी त्याच १९७८ मध्ये नोकरी-प्रशिक्षणाचे आकडे तपासले. प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई येण्याच्या जरा आधीच घसरलेली असते. काम सुटलंय म्हणूनच तर ते येतात. त्यातले बरेच जण प्रशिक्षण नसतं तरी सावरले असते. ताप कळसाला पोचल्यावर दिलेलं कुठलंही औषध गुणकारीच वाटतं. तेव्हा रानवारा, तुम्ही सुचवताय ती पद्धत कुठल्याही योजनेला पास करते. मग मूल्यमापन हवंय कशाला, प्रमाणपत्रच छापून टाका.

रानवारा

वा! एका वाक्यावर एवढा निबंध. माझा राग मोजण्यावर नाही, काय मोजता त्यावर आहे. मी एका प्रशिक्षण केंद्रावर बरीच वर्षं काम केलं. आमच्या एका वर्गात एक बाई होत्या. कोर्स पूर्ण केला, नोकरी काही धरली नाही, घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस होतं. पण त्याच वर्षी भावांशी भांडून वडिलांच्या घरातला हिस्सा घेतला. अर्ज स्वतः लिहिले, कचेरीत एकट्या गेल्या. बाहेरून मूल्यमापन करणारी मंडळी आली, "नोकरी लागली का?" विचारलं, नाही म्हटल्यावर शून्य लिहून निघून गेली. ते शून्य घेऊन तुम्ही मला विज्ञान शिकवणार?

तिरकस

बाईंचं कौतुक आहे. वर्गाला आल्या नसत्या तर भांडल्या नसत्या, कशावरून? वर्गाला नाव घालणारी बाई मुळातच खमकी असते.

रानवारा

हे तुम्ही त्यांच्या तोंडावर बोलून दाखवा.

खारीचा_वाटा

दोघं उगाच भांडताय. समाजशास्त्रज्ञ पीटर रोसी यांनी १९८७ मध्येच लिहून ठेवलंय: मोठ्या सामाजिक कार्यक्रमाच्या निव्वळ परिणामाची अपेक्षित किंमत शून्य, म्हणजे सरासरी काढली तर फरक काहीच नाही. हा 'लोखंडी नियम'. पुढे 'स्टेनलेस स्टीलचा नियम'ही आहे: मूल्यमापन जितकं काटेकोर, तितकी शून्य येण्याची शक्यता जास्त. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचंच बघा. २००८ साली सरकारी आरोग्य विमा लॉटरीने दिला, जागा सुमारे १०,०००, अर्जदार जवळपास ९०,०००. म्हणजे तिरकसरावांच्या स्वप्नातला प्रयोग. दोन वर्षांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत दखल घेण्याजोगा फरक नाही. पैसे पाण्यात.

मीनल_क

अर्धंच सांगताय. त्याच प्रयोगात नैराश्याचं प्रमाण जवळजवळ ३०% खाली आलं आणि उपचारांपायी होणारा प्रचंड खर्च जवळपास नाहीसाच झाला. विमा दिवाळं निघू नये म्हणून असतो, त्याने ते काम केलं. रक्तदाब उतरवायचा तर गोळी वाटा.

आणि शून्य कधी मोजता त्यावरही असतं. 'मूव्हिंग टु ऑपर्च्युनिटी' १९९४ पासून, अमेरिकेतली पाच शहरं, सुमारे ४,६०० कुटुंबं, गरीब वस्तीतून बाहेर पडायला घरभाड्याची व्हाउचर्स. मोठ्यांच्या कमाईत काही फरक नाही, म्हणून सगळ्यांनी ते अपयशाच्या खात्यात टाकलं. २०१५ मध्ये चेटी, हेन्ड्रेन आणि कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी मुलांचे आकडे काढले, तर तेराव्या वर्षाच्या आत हललेल्यांची कमाई विशीच्या मध्यावर ३१% जास्त. मधल्या काळात तुमचा लोखंडी नियम खुशाल मिरवत होता.

खारीचा_वाटा

तेरा वर्षांच्या पुढच्यांना काय मिळालं, तेही लिहा ना.

मीनल_क

काही नाही, उलट किंचित तोटाच. लिहिलं. समाधान?

अण्णा_निवृत्त

मी फॉर्म भरून घेणारा माणूस. तुमचे सगळे टक्के आमच्या पायपिटीतून येतात, म्हणून दोन शब्द. "शून्य ते दहाच्या शिडीवर तुम्ही आज कुठे?" हा समाधान मोजायचा प्रश्न ज्याने काढला त्याने तो दुपारी उन्हात, मागे रडणारं पोर असताना विचारून दाखवावा. अर्धे लोक मलाच विचारायचे, "शेजारच्याने किती सांगितलं?" योजनेतला माणूस वाटेल तेवढा वेळ देतो, बिचाऱ्याला वाटतं पाच म्हटलं तर पुढचा हप्ता बंद. कंट्रोलवाला मला दारातूनच परत पाठवतो. त्याला काही मिळालेलं नसतं, त्याने का बोलावं?

फिनलंडसारख्या ठिकाणीही तेच झालं. २०१७-१८ चा बेसिक इन्कम (दरमहा विनाअट ठरावीक रक्कम) प्रयोग, २,००० बेरोजगार, महिना ५६० युरो. शेवटी फोन केले, तर पैसे मिळणाऱ्यांतले ३१% बोलले आणि न मिळणाऱ्यांतले २०%. त्यावरून मथळे आले, लोक जास्त समाधानी झाले. रोजगाराचे आकडे सरकारी नोंदींतले होते, ते ठीक. समाधानाचे मात्र फोन उचलणाऱ्यांचे.

तिरकस

अण्णा, सोन्यासारखा मुद्दा. हेच तर म्हणतोय, विचारून कळत नाही.

अण्णा_निवृत्त

माझा मुद्दा पळवू नका. मी म्हणतोय फॉर्म छोटा करा आणि कंट्रोलवाल्यालाही त्याच्या वेळेचे पैसे द्या.

खडूस_काका

पैसे वाटले की घरं मोडतात, हे कोणी बोलत नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सिएटल-डेन्व्हरला हमीच्या उत्पन्नाचा प्रयोग झाला, हजारो कुटुंबं. पैसे मिळणाऱ्यांत लग्नं जास्त मोडली. सिनेटर मॉयनिहान, ज्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी अशीच योजना आखली होती, ते स्वतः हे आकडे बघून मागे हटले. वैयक्तिक कल्याण म्हणता ना? घ्या.

मीनल_क

काका, लग्न मोडलं म्हणजे कल्याण घटलं, हे कोणी ठरवलं? माझी मावशी नको त्या घरात वर्षानुवर्षं राहिली, कारण एकटीला भाडं परवडत नव्हतं. दरमहा थोडी रक्कम सुरू झाली आणि पहिल्या संधीला ती निघाली. तुमच्या तक्त्यात "एक कुटुंब मोडलं". तिला विचारा.

खडूस_काका

मावशीला विचारा, आणि मुलांना नको? माझे आईवडील वेगळे झाले तेव्हा मी नववीत होतो. आईचं समाधान वाढलं असेल, मी नाही म्हणत नाही. माझी दोन शाळांत फरफट झाली आणि धाकट्याने शिक्षणच सोडलं. आम्हाला कोणी शिडी दाखवली नाही.

मीनल_क

ते लग्नामुळे झालं की घटस्फोटामुळे? आईने तिथेच राहायचं होतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

खडूस_काका

माझ्या आईबद्दल एक शब्द बोलू नका.

मीनल_क

विषय तुम्ही काढलात!

रानवारा

काकांना असं कोंडीत पकडणं बरं नव्हे, मीनल. पण काका, घर टिकलं म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालणारे फॉर्म मीही खूप पाहिलेत. मार खाणारी बाई त्यात "स्थिर कुटुंब" म्हणून नोंदली जाते.

तिरकस

तुम्ही सगळे ज्या आकड्यावरून एकमेकांच्या घरात शिरलात, तो आकडाच डळमळीत आहे. १९९० मध्ये केन आणि विसोकर या संशोधकांनी सिएटल-डेन्व्हरची माहिती पुन्हा तपासली आणि लग्न मोडण्यावर रोख मदतीचा परिणाम दिसत नाही असा निष्कर्ष काढला. मूळ संशोधकांनी तो मानला नाही, वाद झाला. मुळातही विचित्र गोष्ट होती: सर्वांत कमी रकमेच्या योजनेत परिणाम सर्वांत मोठा. पैशामुळे बायका निघत होत्या, तर जास्त पैशांत जास्त निघायला हव्या होत्या.

मीनल_क

आकडा डळमळीत असेल. पण तो आला तेव्हा सगळ्यांनी न विचारता त्यापुढे उणे चिन्ह मांडलं, त्याचं काय? ते चिन्ह कुठल्या लॉटरीतून आलं? नमुना कितीही चोख निवडा, कशाला चांगलं म्हणायचं ते खोलीत बसलेल्या चारपाच पुरुषांनीच ठरवलेलं असणार.

तिरकस

चार की पाच हे तपासून बघायला लागेल. बरं, नाइलाजाने मान्य. कुठल्या बदलाला फायदा म्हणायचं ते प्रयोगाआधी, ज्यांच्यावर योजना येणार त्यांच्याशी बोलून ठरवायला हवं, आणि लिहून ठेवायला हवं. म्हणजे नंतर संशोधकांना सोयीचा रकाना निवडता येणार नाही.

रानवारा

थांबा, हे कोण बोलतंय? "ज्यांच्यावर योजना येणार त्यांच्याशी बोलून"? फिरून फिरून माझ्याच दारात आलात की. या, बसा.

तिरकस

काय हवं होतं ते त्यांना विचारा. योजनेमुळे मिळालं का, हे मात्र नोंदी आणि तुलना सांगेल. दारापर्यंत आलोय, आत नाही.

रानवारा

आणि माझ्या बाईंचा घरातला हिस्सा? तो कुठल्या नोंदीत सापडतो?

तिरकस

मालमत्तेच्या नोंदीत. दोन्ही गटांतल्या बायकांच्या नावावर काय आहे ते बघायचं. तुम्ही तेव्हा सुचवलं होतं का?

रानवारा

सुचवलं होतं. "आराखड्यात बसत नाही" म्हणाले.

तिरकस

मग ते मूल्यमापन भिकार होतं. पद्धत नाही.

रानवारा

भिकारवालीच आमच्या नशिबी येतात हो. चोख असतात ती तुमच्या धाग्यावर.

खडूस_काका

मुलांच्या रकान्याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही.

मीनल_क

काका, मुलांचा रकाना हवाच. तेवढ्यापुरती सहमत, आणि तेवढ्यापुरतीच.

अण्णा_निवृत्त

अजून एक रकाना! फॉर्म भरून कोण घेणार आहे?