लेसर की टीयूआरपी? आधी माप बघा
वाढलेल्या प्रोस्टेटसाठी 'लेसर असताना टीयूआरपी (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने वाढलेला भाग खरवडून काढणं) कशाला' असा प्रश्न येतो. आधी सोनोग्राफीत प्रोस्टेटचा आकार बघा. साधारण ३० ते ८० मिली असेल तर टीयूआरपी आजही उत्तम. फक्त बायपोलर (वीज उपकरणाच्या टोकापाशीच फिरते असा प्रकार) आहे का ते विचारा. त्यात आतून धुवायला सलाइन वापरतात. जुन्या मोनोपोलरमध्ये ग्लायसिनचं पाणी रक्तात शिरून सोडियम घसरू शकतं, म्हणून तासाभरात उरकावं लागतं. ८० मिलीच्या वर होलेप (होल्मियम लेसरची शस्त्रक्रिया) बरं: लेसरने आतला गाभा सालीपासून सोडवून मूत्राशयात ढकलतात, मग तिथेच बारीक करून ओढून काढतात. हे तुकडे बायोप्सीला जातात. नुसती वाफ करणाऱ्या लेसरमध्ये ते मिळत नाहीत. वीर्य उलटं मूत्राशयात जाणं मात्र टीयूआरपी आणि होलेप दोन्हींत नेहमीचंच, हे आधीच स्पष्ट विचारून घ्या. प्रोस्टेटची बाहेरची साल मागे उरते आणि तिच्यात कर्करोग होऊ शकतो, तेव्हा पीएसए ही रक्ततपासणी सोडू नका.